टेपवाला

आमचा एसी गेला. 'गेला' हे क्रियापद मी विचार करून वापरतोय. बिघडणे, रुसणे, बंद पडणे हे टप्पे त्याने गेल्या तीन उन्हाळ्यांत रीतसर पार केले होते. शेवटच्या रात्री त्याने आधी गार वारा सोडला, मग नुसता वारा सोडला, मग दोन-चार थेंब पाणी माझ्या कपाळावर सोडलं आणि पहाटे तीनच्या सुमारास मोठ्ठी घरघर करून प्राण सोडला. बायको झोपेतच म्हणाली, "सुटला बिचारा." मी टक्क जागा होतो, त्यामुळे मला नीट कळलं की सुटला तो, अडकलो आपण.

चौदा वर्षं तो त्या भिंतीवर होता. मध्ये एकदा खोलीला रंग दिला, तेव्हाही त्याला कुणी हलवलं नाही. रंगाऱ्याने त्याच्या कडेकडेने ब्रश फिरवला आणि पुढे गेला. (त्याआधी भिंतीचा रंग हस्तिदंती होता. बायकोच्या मते फिका पोपटी होता. या विषयावर आमच्या घरात बोलणी थांबलेली आहेत, संपलेली नाहीत.)

माणूस गेल्यावरही शेवटची आशा म्हणून नाडी बघतात, तसं आम्ही कपॅसिटर बघितला. हा एक डबीएवढा भाग असतो. तो गेला की कॉम्प्रेसर नुसता हुंकार देतो, उठत नाही. आणि डबी बदलली की उठून कामाला लागतो. डबी गेली असताना कॉम्प्रेसरच गेला असं सांगून नवं यंत्र गळ्यात मारणारे मेकॅनिक असतात, असं मला चार जणांनी सांगितलं होतं. त्यामुळे मी मोठ्या संशयाने दुसरी डबी बसवून घेतली. आमचा कॉम्प्रेसर खरंच गेला होता. इतका प्रामाणिक मेकॅनिक नेमका नको तेव्हा भेटावा!

त्याच मेकॅनिकने जाता जाता माझी आणखी एक समजूत मोडली. दर उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही एसीत गॅस भरून घ्यायचो. स्कूटरमधलं पेट्रोल जसं संपतं तसाच एसीतला गॅसही वापरून संपत असणार, असं मी धरून चाललो होतो. तो म्हणाला, "साहेब, गॅस संपत नसतो. बंद नळीत तोच तो फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय." म्हणजे चौदा वर्षं आम्ही फुटक्या बादलीत पाणी भरत होतो आणि भरणाऱ्याला वर धन्यवाद देत होतो. त्यातून आमच्या एसीत होता जुना आर-२२, ओझोनच्या थराला खाणारा. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर जगाने ज्याला टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचं ठरवलं तो हाच. जग त्याला काढत होतं आणि मी दरवर्षी फोन करून बोलावत होतो.

तर नवा एसी घ्यायचं ठरलं. ही बातमी बाहेर फुटताच जो भेटेल तो एकच विचारू लागला, "किती टनाचा?" कुठली खोली, किती मोठी, कोण झोपतं, काही नाही. "किती टनाचा?" मला आधी वाटायचं हे यंत्राचं वजन. मग ते भिंतीला चार स्क्रूंवर कसं राहतं, याची काळजीही वाटायची. झोप येत नसल्यामुळे रात्री वाचायला भरपूर वेळ होता, तेव्हा उलगडा झाला. हा टन बर्फाचा. यंत्रं येण्याआधी गारवा म्हणजे बर्फाच्या लाद्या. तर २४ तासांत एक टन बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून ओढून बाहेर टाकणारं यंत्र म्हणजे एक टनाचं. टनही आपला नव्हे, अमेरिकेचा, २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलो. हे मी सकाळी बायकोला उत्साहाने सांगितलं. "म्हणजे दीड टनाचा एसी दिवसभर चालला, की आपल्या खोलीत जवळजवळ १,३६० किलो बर्फ वितळल्यासारखं!" ती म्हणाली, "आणि फरशी कोण पुसणार?"

दुकानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथल्या तरुणाने आम्हाला लेबलावरचे तारे दाखवले आणि ऑफिसात बसून घरचा एसी मोबाइलवरून कसा सुरू करायचा ते दाखवलं. घरी नसताना मला गार कशाला करायचं आहे, हे मात्र त्याला सांगता आलं नाही. एक गोष्ट मात्र तो खरी बोलून गेला, बहुधा चुकून: "मशीन सगळ्यांची चालतात हो, बसवणारा चांगला बघा."

पहिला बसवणारा दारातच उभा राहिला. आत या म्हटलं तर म्हणाला, "नको, दिसतंय." त्याने खोलीकडे ओझरतं पाहिलं, मग माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि आकडा सांगितला, "दोन टन." तो आकडा खोलीवरून आला की माझ्या देहयष्टीवरून, हे मला आजही सांगता येणार नाही. "जरा मोठाच घ्या साहेब, पटकन गार होईल."

इथे मी आधीच्या रात्री वाचलेलं बाहेर काढलं. एसीला कामं दोन असतात: हवा गार करायची आणि कोरडी करायची. यंत्र खोलीच्या मानाने फार मोठं असलं की ते पाच मिनिटांत गारवा आणतं आणि स्वतःवर खूश होऊन थांबतं. हवेतली ओल काढायला त्याला सवडच मिळत नाही. मग आपण ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळल्यासारखे थंड आणि चिकट पडून राहतो. इन्व्हर्टरचं यंत्र आपला वेग कमी करून घेतं हे खरं, पण त्यालाही अमुक एका मर्यादेखाली हळू चालता येत नाही. नाकापेक्षा मोती जड झाला, की तो कितीही झगझगीत असला तरी नाकच खाली येणार. खरं तर या यंत्राचा जन्मच मुळी ओल काढण्यासाठी झाला. १९०२ साली विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ते आखलं, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. घामाघूम कामगारांचा विचार त्यात नव्हता. माणूस मागाहून, कागदाच्या वशिल्याने आत शिरला.

हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, मग पावणेदोन?"

दुसरा आलाच नाही. तो फोनवरचा माणूस होता. म्हणाला, खोलीचा फोटो पाठवा. पाठवला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: "होऊन जाईल. सगळं धरून." खाली एक आकडा. 'सगळं' हा शब्द ऐकला की मला पूर्वी धीर यायचा. आता मी विचारायला शिकलोय.

"सगळं म्हणजे काय काय?"

"सगळं म्हणजे सगळं."

"तांब्याचा पाइप किती?"

"तेवढा येतो."

"स्टँड?"

"ते वेगळं."

"ड्रेनचा पाइप?"

"ते बघू."

"आणि व्हॅक्यूम करणार ना?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग समजुतीच्या सुरात: "साहेब, आमची पोरं जाताना सगळं झाडूनपुसून जातात, तुम्ही काळजीच करू नका."

व्हॅक्यूम म्हणजे झाडणं नव्हे. नळ्या जोडल्यावर त्यांच्यात हवा आणि हवेबरोबर ओल असते. ती पंपाने ओढून काढायची आणि मगच गॅस सोडायचा. ओल आत राहिली तर ती तेलाशी संगनमत करून आम्ल तयार करते आणि आतल्या आत यंत्र पोखरते. घाईतला मेकॅनिक काय करतो, तर नट जरा सैल करतो, थोडा गॅस 'फुर्र' करून सोडतो आणि त्याच्याबरोबर हवा गेली असं समजून नट आवळतो. हवा बरीचशी जाते, ओल राहते. ऐकणाऱ्याला मात्र त्या 'फुर्र'मुळे काहीतरी शास्त्रोक्त झाल्याचं समाधान मिळतं. आमच्या जुन्या एसीच्या वेळी ते 'फुर्र' मी स्वतः कौतुकाने ऐकलं होतं.

तिसरा ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा आला. मी त्याचं नाव कापूनच टाकलं होतं. आला, चपला काढल्या, खिशातून टेप काढला आणि एक अक्षर न बोलता खोली मोजू लागला. लांबी, रुंदी, उंची, खिडकी. मी बायकोला खुणेने बोलावलं. असं दृश्य रोज दिसत नाही.

मग त्याचे प्रश्न सुरू झाले. ही खिडकी पश्चिमेची का? वर गच्ची की कुणाचं घर? कॉम्प्युटर इथेच चालतो? रात्री दार बंद असतं? (मी "हो" म्हणालो, बायको "नाही" म्हणाली, त्याने "नाही" लिहून घेतलं.) खोलीत माणसं किती? मी विचारलं, माणसांचा काय संबंध? तो म्हणाला, "नुसता बसलेला माणूससुद्धा शंभर वॅटच्या आसपास उष्णता सोडतो." "म्हणजे मी एक शंभरचा बल्ब," मी म्हणालो. बायको म्हणाली, "उजेड मात्र पडत नाही."

गणित करून त्याने वहीत एक आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. एक टन.

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. शेजाऱ्यांकडे दीड, मेहुण्याकडे दोन, आणि आम्ही एक? "जरा बरा... म्हणजे मोठा नको का?" मी चाचरत विचारलं. "खोलीला नको," तो म्हणाला. "आधी त्या पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छप्पर करा आणि आतून जाड पडदा लावा." जो माणूस आपल्याला कमी विकू पाहतो त्याच्याशी घासाघीस कशी करायची, हे मला कुणीच शिकवलेलं नव्हतं.

मग त्याने नकारांचा सपाटा लावला. जुनेच पाइप वापरू या का? नाही; नव्या आर-३२ गॅसचा दाब जास्त, आणि जुन्या पाइपात जुन्या गॅसचं तेल चिकटलेलं. बाहेरचं युनिट आहे त्याच कोनाड्यात? नाही. आम्ही त्या कोनाड्याला पुढून फळी ठोकली होती, वर अडगळ रचली होती. बिचारा एसी स्वतः टाकलेली गरम हवाच पुन्हा आत घेत होता. शेवटी त्याने जुन्या एसीच्या खाली लेव्हल धरली. तिच्यातला बुडबुडा तडक एका कोपऱ्यात जाऊन बसला. "हा उलट्या बाजूला कलता बसवलाय. पाणी ड्रेनकडे जाणार कसं? आत ठिबकणारच." चौदा वर्षं मी उशी सरकवत आलो, पाइप सरकवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

तरीही मी त्याच्या तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. तिघांनीही काम उत्तम असल्याचं सांगितलं. तिघांनीही वेळेबद्दल काही बोलायचं टाळलं. एक बाई म्हणाल्या, "माणूस चांगला आहे, फक्त ऐकत नाही."

बसवायच्या दिवशी सकाळी येणारा माणूस दुपारी आला. पण पंप आणला होता. जोडणी झाल्यावर त्याने तो लावला आणि आम्ही सगळे त्याच्या दाब दाखवणाऱ्या गेजसमोर बसलो. पाऊण तासाने पंप बंद केला आणि पुन्हा सुई बघत बसलो. बायको मधेच डोकावली.

"काय चाललंय?"

"सुई बघतोय."

"काय करतेय सुई?"

"काही नाही. हलत नाहीये."

"मग?"

"हेच तर हवंय. हलली असती तर गळती."

ती माझ्याकडे बघत आत निघून गेली.

पण हे झालं शेवटचं. सांगायचं राहिलं ते त्याआधीचं. जुना एसी भिंतीवरून उतरवला तेव्हा खोलीत टेपवाला आणि मी दोघंच होतो. यंत्र खाली आलं आणि त्याच्यामागे भिंतीवर एक लांबट चौकोन उघडा पडला, चौदा वर्षं ऊन न लागलेला, ब्रश न लागलेला.

फिका पोपटी.

मी घाईघाईने दार लोटलं. "हे बघा," मी हळू आवाजात म्हणालो, "नवा एसी बरोब्बर इथेच बसवा. याच जागेवर."

"इथे नाही," तो म्हणाला. "इथे ड्रेनला उतार मिळत नाही, आणि वारा थेट तुमच्या अंगावर येतो. समोरच्या भिंतीवर घेऊ."

"जरा झाकलं जाईल असं बघा ना."

"नाही साहेब."

याला नाही म्हणायची सवय आहे हे मला माहीत होतं. त्याच गुणावर भाळून मी त्याला काम दिलं होतं.

दार उघडलं. बायको आत आली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा भिंतीकडे बराच वेळ पाहिलं.

"दादा," ती त्याला म्हणाली, "जरा टेप द्या. एवढ्या मापाची फ्रेम करून घेते."