‘दात साफ केले आणि हलायला लागले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. (वय बासष्ट असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय.) तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दवाखान्यात दात साफ करून घेतले आणि आठवड्याभरात खालचे पुढचे दात हलायला लागले, फटी पडल्या, गार पाणी झोंबतंय. उलट आईने जन्मभर मशेरी लावली, तिच्या हिरडीतून कधी रक्ताचा थेंब आला नाही. तेव्हा ‘वर्षातून एकदा दात दाखवा’ हा माझा सल्ला म्हणजे आम्हा डेंटिस्ट मंडळींची गिऱ्हाईक वाढवायची युक्ती.

गिऱ्हाइकाचं शेवटी बघू, आधी दात.

कीटण सगळ्यात जास्त साठतं ते नेमकं तुम्ही म्हणताय त्या दातांच्या आतल्या बाजूला. लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथे जिभेखाली उघडतात आणि लाळेतल्या कॅल्शियममुळे दातांवरचा मऊ थर भराभर टणक होतो. घरातल्या कुणाला तरी मोबाईलचा टॉर्च मारून बघायला सांगा. पिवळट-तपकिरी पट्टा दिसतो, जिभेला खरखरीत लागतो. फटी त्यानेच बुजतात आणि चार-सहा दात एकमेकांना जखडले जातात. त्यावरच्या जंतूंनी हिरडी सुजते, आतलं हाड झिजत जातं. आणि हे बहुधा दुखत नाही, हीच तर गोची! हाड गेलेले दात मग कीटणाच्या टेकूवर उभे राहतात. टेकू निघाला की हलतात.

म्हणजे हलणं आधीचंच, कळलं आत्ता. फटींचंही तेच. सुजलेली हिरडी बरी होताना आक्रसते, म्हणून त्या आणखी मोठ्या वाटतात. गार पाणी झोंबतं ते मूळ उघडं पडल्यामुळे. बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत आराम पडतो. सूज उतरली की थोडेफार हलणारे दात घट्टही होतात, पण गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. दात साफ करायचं मशीन इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक आवरण, खरवडतं म्हणाल तर त्याला पातं नसतं. टोक सेकंदाला २५ ते ३० हजार वेळा थरथरतं आणि कीटण फुटून निघतं.

आता मशेरी. रक्त येत नव्हतं हे तुमचं निरीक्षण बरोबर असणार. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे हिरडी आतून खराब होत असली तरी रक्त कमी येतं. धोक्याची खूणच पुसली जाते. आईंना त्रास झाला नाही याचा आनंद आहे, पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू आणि तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो. दंतमंजनात नि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे. घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? तसंही, मशेरीचं बोट हिरडीवर फिरवत अर्धा तास बसून राहणं याला दात घासणं म्हणत नाहीत, ती तलफ असते.

राहिलं गिऱ्हाईक. न मोजता, न बघता महागडी पॅकेजेस गळ्यात मारणारे आमच्यात आहेत, नाही कशाला म्हणू? म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, ‘पॉकेट किती मिलिमीटर आहे?’ पॉकेट म्हणजे दात नि हिरडी यांच्यामधली खाच. खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने आत घालून तिची खोली मोजतात. तीनपर्यंत ठीक. पाच-सहा भरलं तर एक्स-रे काढून हाड किती उरलंय ते बघावं लागेल आणि मुळापर्यंतची सफाई लागू शकते. मोजणं पाच मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ झाली तर खुशाल दुसरा दवाखाना गाठा, माझा नको.

तोवर मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, रात्री झोपताना घासायचंच. फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशासारखा दिसणारा इवलासा ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो, तो दोन दातांमध्ये फिरवा. सुरुवातीला रक्त येईल, थांबू नका.

आणि एक, शुगर आहे का ते लिहिलं नाहीत. असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा रिपोर्ट सोबत न्या. शुगर चढी राहिली तर हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या तर शुगरही आटोक्यात येत नाही.