अहो, ग्रँड कॅन्यनचा तो काचेचा पूल, स्कायवॉक, नॅशनल पार्कात नाही!

भारतातून कोणी आलं की दरवेळी तेच. "वेगसहून ग्रँड कॅन्यन करू, पार्कचा पास आहेच, जाता जाता काचेवरही चालून येऊ." जाता जाता? स्कायवॉक आहे ग्रँड कॅन्यन वेस्टला, हुआलापाई या तिथल्या मूळ अमेरिकन जमातीच्या स्वतःच्या जमिनीवर. तिथे नॅशनल पार्कचा पास चालत नाही, तिकीट वेगळं. आणि फोटोंतली ती साउथ रिम, म्हणजे नॅशनल पार्कातला दरीचा दक्षिण काठ, तिथून गाडीने चार तासांहून लांब! एका दिवसात दोन्ही कसं बसवायचं, सांगा ना.

 बरं, काचेवर जायचं तर बुटांवर कव्हर चढवायचं, मगच आत. हे घरून निघतानाच सांगितलेलं असतं, तरी दारात हुज्जत घालणारे काका असतातच. वर "नुसती लूट आहे" म्हणतात, तेव्हा मात्र डोकंच फिरतं. २००७ साली उघडलेला, कड्याबाहेर २१ मीटर गेलेला हा घोड्याच्या नालेच्या आकाराचा पूल त्या जमातीच्या मालकीचा आहे. पर्यटनावर तिथल्या कितीतरी जणांची रोजीरोटी चालते. त्यांच्या दारात उभं राहून त्यांनाच लुटारू म्हणायचं? लाज वाटते हो ऐकताना.