एका क्लासला बाप एकच

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत क्लासचा, म्हणजे कोडच्या साच्याचा, बाप सांगायला ‘एक्स्टेंड्स’ लिहायचं आणि त्याच्या पुढे एकच नाव चालतं; बापाची सगळी कामं पोराला आयती मिळतात. दुसऱ्यासाठी स्वल्पविराम टाकलात की कोड वाचणारा पार्सर तिथेच खेकसतो: हा इथे कुठून आला, मला महिरपी कंस हवा होता. त्या न टाकता आलेल्या स्वल्पविरामाची भरपाई करण्यात आमचा निम्मा पगार वसूल होतो.

माझा ‘ऑर्डर’ हा क्लास घ्या. त्याला फ्रेमवर्कच्या, म्हणजे आयत्या सांगाड्याच्या, ‘मॉडेल’च्या पोटी जन्म घ्यावाच लागतो, नाहीतर डेटाबेस त्याला विचारत नाही. पण त्याला लॉगही, म्हणजे काय घडलं त्याची नोंदही, लिहायचाय आणि मेलही पाठवायचाय, आणि ही दोन कामं परक्या घरी आहेत.

मग वंशावळ लांबवायची. मॉडेलच्या पोटी लॉगवाला, त्याच्या पोटी मेलवाला, त्याच्या पोटी ऑर्डर. छान चालतं. मग कुणाला तरी लॉगशिवाय मेल हवा होतो. शेवटी सगळं ‘बेस’ नावाच्या क्लासमध्ये कोंबलं जातं आणि पैशांचं राउंडिंग करणारा गरीब क्लासही ग्राहकाला मेल पाठवू शकतो.

इंटरफेस मात्र हवे तितके घ्या, कुणी अडवत नाही. त्यात मेथडची, म्हणजे क्लासला करता येणाऱ्या कामांची, फक्त नावं. आतलं काम तुम्हीच करायचं.

राहता राहिली ‘कॉल’ ही जादूची मेथड. सापडली नाही ती मेथड इथे येते, आपण ती गुपचूप लॉगरकडे ढकलायची. पण ‘मेथड-एक्झिस्ट्स’ला विचारा, तो म्हणतो अशी मेथडच नाही. ‘इज-कॉलेबल’ला विचारा, तो म्हणतो आहे की! त्याला ‘पाठवव्व’ अशी गचाळ नावाची मेथड विचारली तरी तो आहेच म्हणतो. एडिटर तर या भानगडीत पडतच नाही, कोऱ्या चेहऱ्याने बसतो.

दोन बापांची सोय करणाऱ्या भाषा आहेत, नाही असं नाही. सी प्लस प्लसमध्ये दोघांकडे ‘सेव्ह’ असेल तर कंपायलर नेमकं कुणाचं ते सांगा म्हणून हटून बसतो, आणि दोघांचा बाप एकच निघाला तर खास बजावल्याशिवाय आजोबांच्या दोन प्रती तयार होतात. हे वाचलं की आपला एकच बाप बरा वाटतो. साधारण पाच मिनिटं.

२०१२ साली पीएचपी ५.४ मध्ये ट्रेट आले. ट्रेट म्हणजे कुठल्याही क्लासमध्ये आणून बसवता येणारा मेथडचा गठ्ठा, थोडक्यात घरजावई: नात्यात नाही, पण सासऱ्यावर त्याचीच सरशी. वडिलोपार्जित मेथड आणि ट्रेटची मेथड एकाच नावाची असली तर ट्रेटची चालते. दोन ट्रेटमध्ये एकच नाव निघालं तर थेट फेटल एरर. मग कुणाऐवजी कुणाची चालेल ते ‘इन्स्टेडऑफ’ लिहून सांगायचं आणि तंटा मिटवायचा. आणि इतकं करून, कोण कुणाच्या घरचा ते तपासणारा ‘इन्स्टन्सऑफ’ ट्रेटला ओळखतच नाही. म्हणून ओळखीपुरता इंटरफेस आणि कामापुरता ट्रेट, अशी जोडी लावायची.

ती लावून कोड रिव्ह्यूला दिली. सीनियरांचा शेरा आला, ‘कंपोझिशन वापरा.’ म्हणजे नातं जोडू नका, कामाचा माणूस आत ठेवून घ्या. त्यांचं बरोबरच आहे, हेच जास्त चिडवणारं. आता लॉगर आणि मेलर कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट जन्मताना चालणाऱ्या मेथडमधून, आत येतात, तो कन्स्ट्रक्टर स्क्रीनच्या उजव्या कडेबाहेर गेलाय, आणि मी ‘मेलरला सांग, तो पाठवेल’ एवढंच म्हणणाऱ्या एकेका ओळीच्या मेथड हाताने लिहीत बसलोय. ‘कॉल’ने हे सगळं चार ओळींत झालं असतं. सीनियर उद्या रजेवर आहेत.