लाव्हा बेड्सला मोबाइलचा टॉर्च पुरत नाही

लाँग वीकेंड जवळ आला की कॅलिफोर्नियातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: 'लाव्हा बेड्सला जा. लाव्हाने डोंगर पोखरून केलेले बोगदे आहेत, अजिंठा-वेरूळही असंच तयार झालं. आत अजून ऊब आहे. मोबाइलचा टॉर्च पुरतो. परमिट ही नुसती कटकट.' पहिलं वाक्य मान्य. लाव्हा बेड्स म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियातलं लाव्हाच्या गुहांचं नॅशनल मॉन्युमेंट, राष्ट्रीय उद्यानासारखं संरक्षित ठिकाण. जा, जरूर जा.

पोखरण्याचं म्हणाल, तर हे बोगदे पोखरून झालेले नाहीत. पातळ बसाल्टी लाव्हा उतारावरून वाहताना वरून आणि कडेने आधी थिजतो, दुधावर साय धरते तसा. साय जाड झाली की आतल्या लाव्हाची उष्णता बाहेर पडत नाही आणि तो लांबवर वाहत राहतो. मागचा पुरवठा आटला की आतला लाव्हा निचरून जातो, नळी रिकामी राहते. पुढे छत कुठेकुठे ढासळतं; त्याच भगदाडांतून आपण आत उतरतो. मेडिसिन लेक ज्वालामुखीच्या उतारावर, या एका पार्कात, अशा 800 हून जास्त गुहा आहेत.

पोखरलं ते अजिंठ्याला, आणि तेही छिन्नीने. दगड लाव्हाचाच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. पण पोकळी माणसाची. अर्धवट राहिलेलं 24 नंबरचं लेणं पाहिलं तर काम कसं पुढे सरकत होतं तेही दिसतं. वेरूळचं कैलास तर कातळ वरून खाली कापत आणलेलं. त्यावर छतच नाही, मग नळी कसली?

ऊब? आत साधारण 13 अंश सेल्सियस असतं. स्कल केव्हच्या तळाशी तर बर्फ आहे: हिवाळ्यातली जड, थंड हवा खाली उतरते आणि उन्हाळ्यातही तिथेच बसून राहते. जुलैतही स्वेटर घ्या.

टॉर्चच्या बाबतीत मात्र हा मेसेज धोकादायक आहे. दिवे फक्त मशपॉट केव्हमध्ये आहेत. बाकी ठिकाणी वळण घेतलं की मिट्ट काळोख. कॅटाकोम्ब्स नावाच्या गुहेत पुढे रांगावं लागतं, तेव्हा फोन काय दातांत धरणार? प्रत्येकाच्या डोक्याला हेडलॅम्प हवा, शिवाय एक जादा दिवा. हेल्मेटही घाला, छताची टोकं टणक आहेत आणि आपण वाकायला नेहमी क्षणभर उशीर करतो. (सँडल घालून आलेल्यांना मी काही बोलत नाही, खालचा खडबडीत बसाल्ट बोलतो.)

राहिलं गुहांत उतरायचं परमिट. ते फुकट मिळतं. रेंजर विचारतात ते एवढंच, की हेच बूट-कपडे घालून आधी दुसऱ्या गुहेत किंवा खाणीत गेला होतात का. व्हाइट-नोज सिंड्रोम नावाच्या बुरशीजन्य रोगाने उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं मेली आहेत. त्या बुरशीचे बीजाणू आपल्या बुटांवरून एका गुहेतून दुसरीत जाऊ शकतात. तेव्हा आधी कुठल्या गुहेत जाऊन आला असाल, तर ते बूट घरीच ठेवा.