बदली पाठवलीय, ताई

सकाळी पावणेसातला फोन वाजला की दोनच शक्यता असतात: कोणीतरी गेलं, नाहीतर मावशी येणार नाहीत. पहिल्या बातमीला चार माणसं धावून येतात. दुसरी एकटीने निस्तरावी लागते.

"ताई, लेकीचं बाळंतपण आलंय. दीडेक महिना गावाला चालले. बदली पाठवलीय, भाची हाय माझी. समदं सांगितलंय तिला."

नव्या नटीला सेटवर आणताना मालिकेचा निर्माताही हेच म्हणत असणार. फरक इतकाच की मालिकेतल्या बदलीला खरोखर सगळं ठाऊक असतं. 'माझ्या नवऱ्याची बायको' मध्ये २०१८ साली रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर शनाया म्हणून आली, तेव्हा तिला पहिल्या मिनिटापासून राधिकाचा राग येत होता. आमच्या भाचीला चौथ्या दिवशीही कळेना, ओट्याचं फडकं कुठलं आणि फरशीचं कुठलं. तिसऱ्या दिवशी आमच्या नॉनस्टिक तव्यातला 'नॉन' गेला होता. तारेच्या घासणीने.

पण खरा प्रश्न माझा नव्हता, आईंचा होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. कोथरूडला आलो तेव्हापासून त्यांचा नेम आहे: रात्री पाहिलेला भाग सकाळी पुन्हा पाहायचा. बँकेत नोकरी झाली, त्यामुळे टॅली लागल्याशिवाय चैन पडत नाही. सकाळच्या भागाला मावशी असतात. एका हातात झाडू, दुसरा हात दाराच्या चौकटीला आणि तोंडाने खलनायिकेला शिव्या. दहा मिनिटांचं झाडणं पाऊण तास चालतं. मी काही बोलत नाही, कारण तेवढा वेळ दोघीही मला काही बोलत नाहीत.

भाची मालिका बघत नव्हती. मोबाइल बघत होती. पहिल्याच दिवशी तिने टीव्हीकडे पाहून विचारलं, "ही कोण?" आईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो दृष्टिक्षेप मालिकेत असता तर तीन बाजूंनी तीनदा दाखवला असता.

माणसं बदलण्याच्या बाबतीत आईंचा इतिहास मोठा आहे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मधला मिहीर मेला, लोकांनी गहजब केला आणि तो परत आला, इथवर आईंनी सोसलं. पण पुढे अमर उपाध्यायचा इंदर कुमार झाला आणि इंदर कुमारचा रोनित रॉय. तुलसीला नवरा ओळखायला काही अडचण आली नाही, आईंना आली. मग २००७ मध्ये खुद्द तुलसीच बदलली, स्मृती इराणीच्या जागी गौतमी कपूर. "नवराही दुसरा, बायकोही दुसरी," आई म्हणाल्या, "लग्न तेवढं जुनं!"

त्यापेक्षा त्यांना 'तारक मेहता' वाले बरे वाटतात. दिशा वाकानी २०१७ मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेली, ती आलीच नाही, पण त्यांनी दुसरी दयाबेन आणली नाही. दया आपली अहमदाबादला माहेरी. हे त्या सांगत असताना माझ्या पोटात गोळा आला. बाळंतपण. गाव. दीडेक महिना.

(नाटकवाले या बाबतीत सरळ. जाहिरातीत नाव बदलतात आणि मोकळे होतात. ज्याला पटेल त्याने तिकीट काढावं. घरकामाला अशी जाहिरात नसते, दार उघडल्यावरच कळतं.)

'ठरलं तर मग' चं मात्र वेगळं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यातली पूर्णा आजी करणाऱ्या ज्योती चांदेकर गेल्या, इथेच, पुण्यात. त्या दिवशी आईंनी टीव्ही लावला नाही. पूर्णा आजी त्यांच्याच वयाच्या गटातली, संध्याकाळी कट्ट्यावर भेटावी तशी. काही काळाने त्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी येणार असं कळलं, तेव्हा आई म्हणाल्या, "बाई मोठी आहे. पण मी तिला पूर्णा आजी म्हणणार नाही." 'चार दिवस सासूचे' मधली तिची आशालता देशमुख त्यांनी इतकी वर्षं पाहिलेली. आता तिने या घरात येऊन वेगळी सासू व्हायचं म्हणजे काय?

पहिल्या भागाला त्या हाताची घडी घालून बसल्या. दुसऱ्या भागाला चष्मा पुसला. तिसऱ्या दिवशी सकाळी भाचीने केर काढता काढता विचारलं, "आज्जी, ह्या कोण?" आणि आईंनी तिला खुर्चीशेजारी बसवून सायलीपासून सगळं कुटुंब समजावलं. त्यात अर्धा तास गेला. ओट्यावर दूध उतू गेलं, ते भाचीने पुसलं. फरशीच्या फडक्याने.

दीड महिन्याचे दोन झाले आणि एका सकाळी बेल वाजली. मावशी. हातात पिशवीभर शेंगा, तोंडभर नातीचं कौतुक. पदर खोचून झाडू घेतला आणि सवयीने चौकटीला टेकल्या. टीव्हीकडे बघून दचकल्याच.

"अगं बया! आज्जी, ह्या कोन?"

"पूर्णा आजी," आई शांतपणे म्हणाल्या.

"त्या कुठं अशा व्हत्या?"

"अशाच आहेत," आई म्हणाल्या. "तुम्ही गावाला होतात. आधी भांडी घ्या."