मॉड म्हणजे चोरी? कोणी सांगितलं?

‘मुलांच्या कॉम्प्युटरवर मॉड दिसला की लगेच डिलीट करा. मॉड म्हणजे गेम चोरून केलेला बदल, तो गुन्हा आहे. त्यातून व्हायरस येतो, मुलं वाया जातात.’ हा फॉरवर्ड ताईच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि तिने भाच्याचं ‘डूम’चं अख्खं फोल्डर उडवलं. दोन महिने खपून पोराने त्यात आजोळचा वाडा उभा केला होता.

आधी चोरीचं बोलू. डूम १९९३ चा गेम. २३ डिसेंबर १९९७ ला त्याच्या इंजिनाचा, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, सोर्स कोड तो बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअर कंपनीने स्वतःहून खुला केला. सोबतच्या रीडमी फाइलमध्ये जॉन कारमॅकने लोकांनी काय काय करून बघावं याची यादीच दिली आहे: दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर न्या, वर-खाली बघायची सोय करा, उतार घाला, उड्या मारू द्या. ज्याने इंजिन लिहिलं तोच ‘बदला’ म्हणतोय, मग चोरी कुणाची झाली? १९९९ मध्ये हाच कोड जीपीएल परवान्याखाली आला. बदला, वाटा, फक्त वाटताना तुमचा कोडही त्याच अटींवर द्या.

वाड्याचंच घ्या. मूळ इंजिनात नकाशा वरून पाहिल्यासारखा सपाट आखायचा, त्यामुळे खोलीवर खोली बसतच नाही. ओसरीवर माडी अशक्य. त्याच खुल्या कोडवरून पुढे बनलेल्या ‘जीझेडडूम’ इंजिनात ती सोय लोकांनी घातली, म्हणून पोराची माडी चढली.

एक मात्र खरं. खुलं झालं ते इंजिन, गेम नव्हे. पूर्ण गेमची चित्रं, आवाज, नकाशे असलेली वॅड फाइल आजही विकतच घ्यावी लागते, आणि ती फुकट वाटणारे चूकच करतात. भाचा मात्र ‘फ्रीडूम’ वापरत होता. त्यातलं सगळं स्वयंसेवकांनी नव्याने बनवून मोकळं ठेवलंय.

व्हायरस? त्याच्या वाड्याची फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणारं साधन) उघडली तर पहिली चार अक्षरं पी, डब्ल्यू, ए, डी, म्हणजे मूळ गेमवर भर घालणारी वॅड फाइल. पुढे नकाशाचे बिंदू, रेषा, भिंतींची नावं. हा डेटा आहे, प्रोग्राम नाही. अनोळखी साइटवरची ईएक्सई, म्हणजे थेट चालणारी प्रोग्रामची फाइल, चालवू नये, हे कुठल्याही ईएक्सईला लागू.

आणि डूम रक्तबंबाळ आहेच. कोणत्या वयात द्यायचा ते घरच्यांनी ठरवावं. पण मग तसं सांगा ना, गुन्हा कशाला म्हणता?

वाड्याची महिन्यापूर्वीची एक प्रत माझ्या मेलमध्ये सापडली. त्यात माडीचा जिना नाही. रविवारी नेऊन देतोय.