जोडीदार हवा, पण सगोत्र नको

तुमचा जन्म अमेरिकेतला असेल, पस्तिशी उलटली असेल आणि चौदा वर्षं तिथे राहून झाली असतील, तर तुम्ही तिथल्या राष्ट्राध्यक्षपदाला खुशाल उभे राहा. अंगी आणखी काही असावं लागतं असं त्यांच्या राज्यघटनेत कुठे लिहिलेलं नाही, तेव्हा उगाच संकोच नको. (चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून तिथल्या प्रतिनिधीगृहात पोचले, पण त्यांना ही वाट बंद. उपाध्यक्षपदाचीही बंद, कारण अटी त्याच. आपण नेमके कोणत्या राज्यातले, या प्रश्नाची सवय बेळगावकराइतकी कुणाला नसेल, पण तिथे तिचा उपयोग नाही.)

आधी जोडीदार बघावा लागतो, म्हणजे उपाध्यक्षपदाचा उमेदवार. हे पद काय लायकीचं ते पहिले उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी १७९३ सालीच बायकोला पत्रातून कळवलं होतं: माणसाच्या डोक्यातून निघालेलं इतकं बिनमहत्त्वाचं पद दुसरं नसेल. म्हणूनच माणूस निवडताना काळजी घ्यायची. गुणांची नव्हे, गोत्राची.

तिथे गोत्र म्हणजे राज्य. बाराव्या घटनादुरुस्तीनुसार एखाद्या राज्याच्या निर्वाचकांना, म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्ष निवडणाऱ्या माणसांना, आपली दोन्ही मतं, अध्यक्षपदाचं आणि उपाध्यक्षपदाचं, आपल्याच राज्यातल्या माणसांना देता येत नाहीत. २००० साली जॉर्ज बुश टेक्सासचे, आणि त्यांच्या मनात भरलेले डिक चेनी तेही डॅलसला राहणारे. सगोत्र! टेक्सासची ३२ मतं अडकायची वेळ. मग जुलैत चेनीसाहेब वायोमिंगला गेले, तिथल्या मतदारयादीत नाव घातलं, आणि चार दिवसांत त्यांची उमेदवारी जाहीर झाली. आपल्याकडे गोत्र बदलायला दत्तक जावं लागतं, तिथे एका फॉर्मवर भागलं. पण खरी गंमत पुढेच आहे. उपाध्यक्षपदासाठी स्थळं बघायची कामगिरी बुश यांनी ज्यांच्यावर सोपवली होती, ते गृहस्थ म्हणजे चेनीच. इतरांच्या पत्रिका तपासता तपासता मध्यस्थच बोहल्यावर चढला. तेव्हा तुम्ही कुणाला शोधकार्याला लावाल, तर त्याने स्वतःचा सूट शिवायला टाकलाय का, एवढं शिंप्याकडे विचारून घ्या.

चौकशी करताना 'माणूस चांगला आहे हो' एवढ्यावर विसंबू नका. १९७२ साली डेमोक्रॅट उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी थॉमस ईगलटन यांना घाईत निवडलं. त्यांनी नैराश्यासाठी विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं मागाहून बाहेर आलं. मॅकगव्हर्न म्हणाले, मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे. निवडीपासून अठराव्या दिवशी ईगलटन बाजूला झालेले होते. (हजार टक्के हा आकडा कुणी तुमच्याबाबत काढला, तर बॅग भरायला घ्या.) पुढे नोव्हेंबरात मॅकगव्हर्न जिंकले ते मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी. म्हणजे एक राज्य, आणि एक असं जे राज्यच नाही.

जोडीदार येताना आपलं राज्य घेऊन येतो, ही एक लाडकी समजूत. २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स यांना नॉर्थ कॅरोलायना आणता आलं नाही, २०१२ मध्ये पॉल रायन यांना विस्कॉन्सिन. तो गप्प बसला तरी पुष्कळ. त्याला काही सांगूही नका. रूझवेल्ट यांनी हे पथ्य इतकं पाळलं की ट्रूमन ८२ दिवस उपाध्यक्ष होते, आणि अणुबाँब म्हणून काही तयार होतंय हे त्यांना नीट कळलं ते रूझवेल्ट वारल्यावर.

जोडीदाराने राज्य आणलं नाही, तर नवीनच पाडून घ्या. लिंकन यांच्या फेरनिवडणुकीला मतं कमी पडू नयेत म्हणून १८६४ मध्ये नेवाडाला राज्य करायची घाई सुरू झाली. नव्या राज्याच्या घटनेची प्रत वेळेत पोचेना, तेव्हा अख्खी घटना, साडेसोळा हजारांवर शब्द, तारेने वॉशिंग्टनला पाठवली. खर्च चार हजार तीनशे डॉलर. ३१ ऑक्टोबरला राज्य जाहीर, ८ नोव्हेंबरला मतदान. एवढं करून नेवाडाच्या तीन निर्वाचकांपैकी एक बर्फात अडकला आणि दोनच मतं पडली. लिंकन तसेही दणदणीत जिंकले होते, ती गोष्ट सोडा. १८८९ मध्ये तर एका डकोटाची दोन राज्यं केली, म्हणजे दोनाऐवजी चार सिनेटर. आधी कोण जन्मलं हे कळू नये म्हणून अध्यक्ष हॅरिसन यांनी कागद खालीवर करून, नाव झाकून सह्या केल्या. जुळ्यांच्या भांडणाची इतकी काळजी!

गणित मात्र जपून मांडा. १९५९ साली अलास्का डेमोक्रॅटांकडे जाणार, हवाई रिपब्लिकनांकडे, तराजू सम, असं धरून दोन्ही राज्यं घेतली. त्यानंतर अध्यक्षपदाला अलास्काने डेमोक्रॅट उमेदवार निवडला तो एकदा, १९६४ मध्ये. हवाईने रिपब्लिकन निवडला तो दोनदा. पारडी तीच, फक्त उलटी. तरी २०२४ च्या शेवटी ट्रम्प कॅनडाला एकावन्नावं राज्य म्हणू लागले. चार कोटींच्या वर माणसं, म्हणजे कॅलिफोर्नियापेक्षा मोठं राज्य. ती मतं कुणाच्या पेटीत पडतील हे एकदा कागदावर करून बघायला हरकत नव्हती. त्यापेक्षा ग्रीनलंड बरं. वस्ती ५७ हजारांच्या आसपास, मुंबई महापालिकेच्या एका प्रभागाएवढी, आणि राज्य झालं तर सिनेटर कॅलिफोर्नियाइतकेच, दोन.

जे नको म्हणतात त्यांच्या मागे लागायचं, हे सूत्र कळलं असेल. जे मागतात त्यांना थांबवायचं. डी.सी.ची वस्ती सात लाखांच्या घरात, वायोमिंगहून जास्त. २०१६ मध्ये तिथल्या ८६ टक्के मतदारांनी राज्य हवं म्हटलं. गाड्यांच्या नंबरप्लेटवरच 'प्रतिनिधित्व नाही, कर मात्र आहे' अशा अर्थाचं ब्रीद असतं. क्लिंटन यांनी ती पाटी अध्यक्षांच्या गाडीला लावली, बुश यांनी काढली, ओबामांनी पुन्हा लावली. तुम्हीही स्क्रूड्रायव्हर जवळ ठेवा; राज्य देण्यापेक्षा पाटी स्वस्त पडते.

पोर्तो रिकोची गोष्ट जरा लांबची आहे. १८९८ पासून बेट अमेरिकेकडे, १९१७ पासून लोक अमेरिकेचे नागरिक, प्रतिनिधीगृहात एक माणूस बसतो तो बोलू शकतो, अंतिम मतदानात हात वर करू शकत नाही. त्यांना काय द्यायचं? सार्वमत द्या. १९६७ पासून सात झाली. १९९८ मध्ये पाच पर्याय ठेवले तर 'वरीलपैकी एकही नाही' हा पर्याय निम्म्याहून जास्त मतं घेऊन जिंकला. (गोव्याला १९६७ मध्ये फूल, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हा, आणि दोन पानं, म्हणजे वेगळं राहा, एवढंच विचारलं होतं. दोन पानं जिंकली आणि विषय संपला. पर्याय कमी ठेवले की अशी पंचाईत होते, निकाल लागतो.) २०१७ मध्ये ९७ टक्के लोक राज्याच्या बाजूने, पण मतदानाला आलेच २३ टक्के. २०२० मध्ये साडेबावन्न टक्के 'हो' म्हणाले. २०२४ मध्येही राज्यच पुढे. प्रत्येक वेळी 'जनतेच्या कौलाचा आदर करतो' म्हणा आणि पुढच्या सार्वमताची चौकशी करा.

तुमच्या पक्षाच्या अधिवेशनात मात्र बेटाचे प्रतिनिधी येतील, माइकसमोर उभे राहून तुम्हाला उमेदवार म्हणून मतं देतील. ती मोजली जातात. हात हलवा, दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये बोला. नोव्हेंबरात त्यांना मत नसतं. ज्यांनी तुम्हाला उभं केलं ते निकाल टीव्हीवर बघतात. पण त्यातलंच एखादं कुटुंब बिऱ्हाड हलवून पेन्सिल्व्हेनियात गेलं, की त्याच माणसांना त्याच नागरिकत्वावर मत मिळतं. तेव्हा प्रचाराला सान हुआनचं तिकीट काढू नका. फिलाडेल्फियाचं काढा.